उंदीर, बैल आणि बत्तीस बार: चिनी वर्षकथेवर स्कॉटिश कंट्री डान्स कसा बसवायचा

रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीचा जन्मदिवस २५ जानेवारीला असतो आणि चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात कधीतरी येते. त्यामुळे हे दोन सण दरवर्षी एकमेकांच्या शेजारी असतात. २०२० मध्ये तर उंदराचे वर्ष नेमके २५ जानेवारीलाच लागले. कॅनडात व्हँकुव्हरला दोन्हींची मिळून ‘गंग हॅगिस फॅट चॉय’ नावाची मेजवानी १९९८ मध्ये सुरू झाली. अशा कार्यक्रमात स्कॉटिश नाच हवा असतो आणि तो चिनी कथेशी जुळणाराही हवा असतो. पण बहुतेक वेळा जुन्याच नाचाला नवे नाव देऊन किंवा नाचणाऱ्यांना मुखवटे चढवून वेळ मारून नेली जाते. खरे तर या कथेतली एक घटना स्कॉटिश नाचाच्या एका आकृतीत जशीच्या तशी बसते. ती घटना पायांनी कशी सांगायची, ते इथे टप्प्याटप्प्याने दिले आहे. नाच याच लेखासाठी रचलेला आहे. तो तीन जोड्यांचा, बत्तीस बारचा जिग आहे. जिग म्हणजे जलद, उड्या मारणारी चाल, आणि बार म्हणजे संगीत मोजायचा तालाचा एक छोटा तुकडा.

कथेतले काय घ्यायचे

जेड सम्राटाने, म्हणजे चिनी कथांतल्या स्वर्गाच्या राजाने, प्राण्यांची शर्यत लावली. नदी ओलांडून जे पहिले बारा येतील, त्यांच्या नावाने एकेक वर्ष ओळखले जाणार होते. उंदीर काठावर लवकर पोहोचला, पण पाणी खोल होते. तो बैलाच्या पाठीवर बसला, बैलाने नदी ओलांडली आणि पलीकडचा काठ येताच उंदराने उडी मारून पहिला नंबर पटकावला. बैल दुसरा आला. मग वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बोकड, माकड, कोंबडा, कुत्रा आणि शेवटी डुक्कर. मांजराला उंदराने फसवले म्हणून ते यादीत आलेच नाही, असे कथेत सांगतात. व्हिएतनाममध्ये मात्र सशाच्या जागी मांजराचे वर्ष असते.

बाराही प्राणी नाचात आणायचा मोह होतो. तो टाळा. बत्तीस बारमध्ये बारा प्राणी कोंबले तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पावणेतीन बार येतात आणि तेवढ्यात बघणाऱ्याला काहीच ओळखू येत नाही. उंदीर आणि बैल हे दोघेच घ्या, आणि त्यांच्यातल्या तीन गोष्टी: उंदीर पुढे, मग बैल पुढे, मग पुन्हा उंदीर पुढे.

यासाठी लागणारी आकृती तयारच आहे. तिघांनी एकमेकांना वळसे घालत इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरायचे, ती तिघांची रील. दोघांनी एकामागे एक राहून, जणू एकच नर्तक असल्यासारखे, तिघांच्या रीलमध्ये फिरायचे याला टॅन्डम रील म्हणतात. त्यातच प्रत्येक टोकाला पुढचा आणि मागचा अदलाबदल करत असतील, तर ती डॉल्फिन रील. हे नाव न्यूझीलंडमधल्या ‘पेलोरस जॅक’ या नाचावरून रूढ झाले. जहाजांच्या पुढे पोहणारा त्या नावाचा एक डॉल्फिन तिकडे प्रसिद्ध होता. तिघांच्या पूर्ण रीलला आठ बार लागतात आणि त्यात दोन टोके येतात, म्हणजे अदलाबदल दोनदा होते. उंदीर पुढे ठेवून सुरुवात केली की पहिल्या टोकाला बैल पुढे येतो आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा उंदीर. कथा आठ बारमध्ये पुरी होते.

उभे कसे राहायचे

चार जोड्यांचा लांबट सेट, म्हणजे दोन रांगांत उभा राहिलेला गट. एका वेळी तीन जोड्या नाचतात, चौथी पाळीची वाट पाहते. संगीत जिकडे असेल ते वरचे टोक, जोड्या तिथून मोजायच्या. वर तोंड केले तर पुरुषांची रांग डावीकडे आणि स्त्रियांची उजवीकडे येते. उभे राहताना मात्र दोन्ही रांगा समोरासमोर असतात. रांगांमध्ये साधारण दोन मीटर आणि शेजाऱ्यांमध्ये एक मीटर अंतर ठेवा. यापेक्षा कमी ठेवले तर डॉल्फिन रीलला वळायला जागा उरत नाही, आणि जास्त ठेवले तर संगीत पुढे जाते आणि पाय मागे राहतात. पुरुषाच्या जागी बाई किंवा बाईच्या जागी पुरुष उभा राहिला तरी चालते, स्कॉटिश नाचात हे नेहमीचेच आहे. आपण पहिली स्त्री म्हणजे उंदीर आणि पहिला पुरुष म्हणजे बैल असे धरू.

पहिली जोडी एक जागा खाली आली की ती दुसऱ्या जागी असते, दुसरी जोडी तिच्या वर आणि तिसरी खाली. आता जमिनीवर मनातल्या मनात दोन कर्ण आखा. पहिला कर्ण दुसऱ्या पुरुषापासून तिसऱ्या स्त्रीपर्यंत जातो, दुसरा दुसऱ्या स्त्रीपासून तिसऱ्या पुरुषापर्यंत. शिकवताना हे कर्ण खडूने किंवा चिकटपट्टीने खरोखरच आखले, तर अर्धा त्रास वाचतो.

पायांचे काम

तीन पावले पुरतात. पुढे जाण्यासाठी स्किप चेंज ऑफ स्टेप: डाव्या पायावर छोटी उडी मारत उजवा पाय पुढे ताणायचा, त्यावर वजन टाकायचे, डावा पाय मागून जवळ आणायचा आणि पुन्हा उजवा पुढे. याला एक बार लागतो, पुढच्या बारला पाय बदलतो. जागच्या जागी उजवीकडे-डावीकडे पावले टाकायला, म्हणजे ‘सेट करायला’, पास द बास्क: उजव्या पायावर बाजूला हलकेच उतरायचे, डावा पाय उजव्याच्या पुढे आणून त्यावर वजन घ्यायचे, उजवा पुन्हा जागेवर टेकवायचा. मग तेच डावीकडे. रिंगणासाठी स्लिप स्टेप, म्हणजे बाजूला सरकत जाणे, एका बारला दोन.

चवड्यांवर राहा. टाच टेकली की वळण जड होते, आणि या नाचात सगळा भर वळणांवर आहे. मऊ चामड्याचे, लेस बांधायचे गिली बूट असतील तर उत्तमच. नसतील तर पातळ तळव्याचे, न घसरणारे कोणतेही चालतील. रबरी जाड तळव्याचे स्पोर्ट्स शूज नकोत. ते जमिनीला धरून ठेवतात आणि वळताना सगळा ताण गुडघ्यावर येतो.

नाच, बारनुसार

१ ते २: पहिली जोडी सेट करते, उजवीकडे आणि डावीकडे.

३ ते ४: पहिली जोडी कास्ट ऑफ करते, म्हणजे रांगेच्या बाहेरून एक जागा खाली येते. पुरुष डावीकडून बाहेर वळतो, स्त्री उजवीकडून. याच दोन बारमध्ये दुसरी जोडी वर सरकते. वरच्या टोकाजवळचा पाय बाजूला, दुसरा त्याच्या पुढून आडवा, पुन्हा बाजूला, मग पाय जुळवायचे. दुसरी जोडी विसरून उभी राहिली तर पहिल्या जोडीला जागाच मिळत नाही आणि पुढचे सगळे बिघडते. म्हणून शिकवताना या सरकण्याची आठवण मोठ्याने करून द्या.

५ ते ८: पहिली जोडी उजवा हात धरून एक पूर्ण फेरी आणि वर एक अष्टमांश फिरते. शेवटी दोघेही पहिल्या कर्णावर, सेटच्या मधोमध, तिसऱ्या स्त्रीकडे तोंड करून उभे असतात. उंदीर पुढे, बैल लगेच मागे. तो अष्टमांश फार महत्त्वाचा आहे. फेरी नेमकी एक झाली तर दोघे आडवे राहतात, आणि सव्वा झाली तर उंदराचे तोंड थेट खाली होते. आठव्या बारच्या सुरुवातीला हात सोडा. हात शेवटपर्यंत धरून ठेवला की बैल उंदराला मागे खेचतो आणि रील अर्धा बार उशिरा सुरू होते.

९ ते १६: पहिल्या कर्णावर डॉल्फिन रील. उंदीर आणि बैल एकामागे एक निघून तिसऱ्या स्त्रीला डाव्या खांद्याने पार करतात, म्हणजे जाताना डावे खांदे एकमेकांजवळ येतात. कर्णाच्या टोकाला दोघेही डावीकडेच वळतात, पण सारखे नाही. पुढे असलेला उंदीर टोकापर्यंत जाऊन मोठे वळण घेतो. मागचा बैल टोकापर्यंत जातच नाही, तो आतल्या आत आखूड वळतो आणि त्यामुळे आपोआप पुढे येतो. बाराव्या बारला दोघे मध्यावर असतात, बैल पुढे, उंदीर मागे. नदी ओलांडण्याची वेळ ती हीच. वरच्या टोकाला दोघेही उजवीकडे वळतात. आता बैल लांबून फिरतो, उंदीर आतून वळतो आणि पुन्हा पुढे येतो. सोळाव्या बारला दोघे मध्यावर, उंदीर पुढे.

तिसरी स्त्री आणि दुसरा पुरुष यांनी नवव्या बारलाच निघायचे, कोणाची वाट पाहायची नाही. तिसऱ्या स्त्रीने आधी थोडे आपल्या उजवीकडे सरकून डावीकडे वळत मध्यावर यायचे. दुसऱ्या पुरुषाने समोर निघून उजवीकडे वळत यायचे. मध्यावर ते दोघे एकमेकांना उजव्या खांद्याने पार करतात. बाराव्या बारला त्यांनी जागा बदललेल्या असतात, सोळाव्याला ते घरी परत येतात.

१७ ते २४: तीच रील दुसऱ्या कर्णावर. उंदीर पुढेच आहे, त्यामुळे थांबायचे कारण नाही. वरच्या टोकाहून येताना तो उजवीकडे वळतच होता, तेच वळण थोडे वाढवून तिसऱ्या पुरुषाकडे जायचे आणि त्याला डाव्या खांद्याने पार करायचे. तिसरा पुरुष समोर निघून डावीकडे वळतो, दुसरी स्त्री आपल्या डावीकडे निघून उजवीकडे वळते. बाकी सगळे आधीसारखेच: खालच्या टोकाला बैल पुढे, वरच्या टोकाला उंदीर पुढे. फक्त शेवट वेगळा. २३ आणि २४ या बारमध्ये उंदीर आतून वळून बाहेर पडतो, तिथेच स्त्रियांच्या रांगेतली दुसरी जागा असते. तो तिथेच थांबतो, आणि बैल त्याच्या समोरून सेट ओलांडून पुरुषांच्या रांगेत दुसऱ्या जागी जातो. उंदीर आधी पोहोचला, बैल नंतर.

२५ ते ३२: तिन्ही जोड्यांचे रिंगण, आठ स्लिप स्टेप डावीकडे आणि आठ उजवीकडे. हात खांद्याच्या उंचीला, कोपर किंचित वाकलेले.

आता क्रम दोन, एक, तीन असा झाला. पहिली जोडी दुसऱ्या जागेवरून हाच नाच तिसऱ्या आणि चौथ्या जोडीबरोबर पुन्हा करते. त्यानंतर नवी पहिली जोडी सुरू करत असताना पहिल्या दोन बारमध्ये आधीची पहिली जोडी रांगेच्या बाहेरून तळाला जाते आणि चौथी जोडी वर सरकते. प्रत्येक जोडीला दोनदा संधी, म्हणून एकूण आठ वेळा बत्तीस बार.

संगीत

आठ गुणिले बत्तीस बारचा कोणताही चांगला जिग घ्या. ध्वनिमुद्रणावर ते ८×३२ असे छापलेले असते आणि त्याची लांबी साधारण साडेचार मिनिटे असते. सुरुवातीच्या स्वराला पुरुष मान झुकवतात आणि स्त्रिया किंचित वाकतात, शेवटच्या स्वरालाही तसेच. बँड सहसा तीन-चार धून आलटून पालटून वाजवतो आणि मूळ धून पहिल्या आणि शेवटच्या फेरीला ठेवतो, म्हणजे शेवटची फेरी कोणती हे कानाला कळते. स्ट्रॅथस्पे ही संथ चाल इथे नको. तिला जवळपास दुप्पट वेळ लागतो, आणि उंदराची उडी संथ झाली की ती उडी राहतच नाही.

चिनी धून लावून बघायची इच्छा होईल. लावा, पण आधी बार मोजा. आठ-आठ बारचे तुकडे पडत नसतील तर नाचणाऱ्यांना कुठे वळायचे हे ऐकू येत नाही. पावले धुनेच्या वाक्यावर बेतलेली असतात, नुसत्या तालावर नाही.

शिकवण्याचा क्रम

नाच पहिल्या बारपासून शिकवू नका. आधी दोन खुर्च्या चार पावलांच्या अंतरावर ठेवा आणि एका जोडीला त्यांच्याभोवती, संगीताशिवाय, चालत इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरू द्या. आधी अदलाबदल न करता, नंतर करून. पाच मिनिटांत बहुतेकांना जमते. मग खुर्च्यांच्या जागी माणसे आणा आणि पहिल्या कर्णाची रील चालत करा, मग पावलांनी, मग दुसरा कर्ण जोडा. पहिले आठ बार सर्वांत शेवटी, कारण ते कुठे पोहोचवतात हे माहीत असेल तरच तो अष्टमांश अर्थपूर्ण वाटतो.

चालताना आणि नाचताना रेषा बदलते, हे लक्षात घ्या. चालताना लोक कोपरे कापतात, आणि संगीत लागले की त्याच वाटेला वेळ पुरत नाही किंवा उरतो. म्हणून प्रत्येक भाग चालून झाला की लगेच संगीतावर एकदा करून घ्या.

कुठे बिघडते

सर्वांत जास्त घोटाळा अदलाबदलीत होतो, आणि जवळजवळ नेहमीच मागच्यामुळे. मागचा पुढच्याच्या पाठीमागे निष्ठेने टोकापर्यंत जातो, मग लक्षात येते की आता आपण पुढे हवे होतो, आणि तो पळत सुटतो. त्याला सांगायचे वाक्य एकच: पुढच्याचा खांदा वळताना दिसला की तूही तिथेच वळ. पुढच्याचे काम नेमके उलटे. त्याने टोकापर्यंत जायचेच. तो लवकर वळला तर दोघे एकमेकांच्या अंगावर येतात.

दुसरी चूक म्हणजे मागे वळून पाहणे. पुढचा नर्तक मागचा येतोय की नाही हे बघायला मान वळवतो आणि तिथेच त्याची रेषा वाकडी होते. एक हात अंतर ठेवले तर बघायची गरज पडत नाही. मुखवटे नकोत असे सांगण्याचे कारणही हेच आहे. या नाचात सगळे कडेच्या नजरेने कळते, आणि मुखवटा तीच नजर बंद करतो. रंगांनी ओळख द्यायची असेल तर पहिल्या जोडीला करड्या आणि तपकिरी कापडाच्या खांद्यावरच्या पट्ट्या द्या, पण जोडी बदलली की पट्ट्याही बदलाव्या लागतात, म्हणून सरावात त्या वापरू नका.

कोपऱ्यावरची माणसे समोरून दोघे येताना पाहून बिचकतात आणि दोघांच्या मधून जातात. त्यांना सांगा की उंदीर आणि बैल मिळून एकच प्राणी आहे, डावा खांदा दाखवला तर दोघांनाही डावाच. आणि खांदा चुकला तरी थांबू नका. थांबलेला कोपरा सगळी रील अडवतो, चुकीच्या खांद्याने गेलेला मात्र पुढच्या टोकापर्यंत सावरतो.

चोविसाव्या बारला बैल उशिरा पोहोचतो. त्याला शेवटी टोकावरून थेट पलीकडच्या रांगेत जायचे असते आणि ती वाट लांब आहे. एवढ्या एका वळणापुरते त्याने टोकाला फार बाहेर जाऊ नये. तरीही उशीर झालाच, तर रिंगणात त्याचे दोन्ही शेजारी हात पुढे करून ठेवतात आणि तो पहिल्या स्लिप स्टेपला येऊन मिळतो. रिंगणात ओढाओढी करू नका. डावीकडची आठवी स्लिप स्टेप छोटी ठेवली की परतताना झटका बसत नाही.

साप आणि घोड्याच्या वर्षासाठी

२९ जानेवारी २०२५ ला सापाचे वर्ष लागले आणि १७ फेब्रुवारी २०२६ ला घोड्याचे. कथेत साप घोड्याच्या पायाला विळखा घालून लपून आला, शेवटच्या क्षणी समोर सळसळला आणि घोडा दचकल्यावर सहावा आला, घोडा सातवा. हाच नाच थोडा बदलून त्यांचाही होतो. साप म्हणजे पहिली स्त्री, घोडा म्हणजे पहिला पुरुष. ५ ते ८ मध्ये एक आणि एक अष्टमांशऐवजी पाच अष्टमांश फिरा, म्हणजे घोडा पुढे येतो. फेरी छोटी असल्याने ती संथ, मोकळ्या हाताने घ्या, नाहीतर दोन बार लवकर पोहोचून उभे राहावे लागेल. पहिल्या कर्णावर अदलाबदल अजिबात नाही: दोन्ही टोकांना साप घोड्याच्या मागेच राहून पूर्ण वळण घेतो. दुसऱ्या कर्णावर खालच्या टोकालाही तसेच. फक्त शेवटच्या, वरच्या टोकाला साप आतून वळतो आणि थेट आपल्या जागी पोहोचतो.

हा प्रकार वाटतो त्यापेक्षा कठीण आहे. तीन टोके मागे राहून चौथ्याला बदलायचे असते, आणि डॉल्फिन रीलची सवय झालेले पाय पहिल्याच टोकाला आत वळतात. त्यामुळे उंदीर-बैलाचा नाच पक्का झालेल्या गटालाही हा वेगळा, पुन्हा खुर्च्यांपासून शिकवा. बघणाऱ्यांना मात्र इथली अदलाबदल जास्त स्पष्ट दिसते, कारण सोळा बारमध्ये ती एकदाच होते.

शिकवताना नाच लिहून द्यायचा असेल तर एका कागदावर एवढेच लिहा: जिग, ८×३२, तीन जोड्या, चार जोड्यांचा सेट, मग बारचे सहा गट, आणि दोन्ही रीलच्या पुढे ‘डावा खांदा’. कथा तोंडी सांगा, पहिल्या सरावाच्या आधी, एकदाच. बारा प्राण्यांची नावे म्हणवून घेतली तर लहान मुलांच्या गटात क्रम लगेच पाठ होतो, आणि ‘बैल पुढे’, ‘उंदीर पुढे’ अशा हाका बार मोजण्यापेक्षा लवकर कळतात.